‘असली तो आगे है’ : लपलेली गावं नेहमी दोन डोंगर पलीकडेच का असतात?

रानजाई

गेल्या महिन्यात आईला घेऊन कर्दळीवनाला जाऊन आले. तिच्या पारायणाच्या ग्रुपमधल्या अकरा बायका, दोन काका आणि सामान उचलायला मी. श्रीशैलमला पाताळगंगेवरून होडी, मग नल्लमलाच्या जंगलातली चढण, रात्री गुहेत मुक्काम. गुडघे अजून बोलतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुरुचरित्राच्या शेवटी नृसिंह सरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैल्याला येतात आणि फुलांच्या आसनावर बसून नदीतून निघून जातात. मागे राहिलेल्या शिष्यांकडे प्रसादाची फुलं तेवढी वाहत येतात. समाधी नाही, देह ठेवला असंही नाही. कर्दळीवनात गेले, एवढंच. आणि पुढे काही शतकांनी त्याच वनातल्या वारुळावर लाकूडतोड्याची कुऱ्हाड पडली आणि अक्कलकोटचे स्वामी बाहेर आले, ही श्रद्धा. म्हणजे माणसं जिथे आत जातात आणि जिथून बाहेर येतात अशी ती जागा.

तर मुद्दा. दुसऱ्या दिवशी एका झऱ्यापाशी सगळे बाटल्या भरायला थांबले होते. मी वाटाड्याला विचारलं, "भैया, यही है क्या?" त्याने वर बोट दाखवलं आणि म्हणाला, "असली तो आगे है." बस. पुढे चालायला लागला.

अंगावर काटा आला. कारण तीन वर्षांपूर्वी सिक्कीममध्ये युक्सोमला आमच्या ड्रायव्हरने कांचनजंगाकडे हात करून जवळपास हेच सांगितलं होतं. हा दिसतो तो बाहेरचा सिक्कीम, आतला वेगळा, त्या बर्फामागे, त्याचं दार अजून उघडायचंय.

अशा जागा आणखी कुठल्या परंपरांमध्ये आहेत? आणि त्या कायम दोन डोंगर पलीकडेच का? शंभल, ज्ञानगंज ही नावं ऐकलीत, पण व्हॉट्सअ‍ॅपबाहेरची माहिती हवी आहे.

चहाटळ

पयला!
आमचा बिल्डर सात वर्षं हेच सांगतोय. असली फेज टू आगे है.

पोथीबाड

विषय चांगला काढलात. शंभलाबद्दल आधी एक गैरसमज दूर करतो. भागवताच्या बाराव्या स्कंधात कल्की शंभल ग्रामात, विष्णुयश नावाच्या ब्राह्मणाच्या घरी जन्म घेईल असं आहे. ग्राम म्हणजे खेडं. तिथे बर्फाची भिंत नाही, गुप्त दार नाही, काही नाही. उत्तर प्रदेशातलं संभल तेच, असं मानणारे लोक आहेत. तिथे एसटीने... म्हणजे त्यांच्या रोडवेजने जाता येतं.

आपल्याकडे खरोखर हाती न लागणारी जागा हवी असेल तर शांतिपर्वातलं श्वेतद्वीप बघा. क्षीरसागराच्या उत्तरेला. तिथे नारद पोचतो, इतरांना जमत नाही.

आणि कर्दळीवनाचं म्हणाल तर ते एक नाहीच. वनपर्वात भीम फुलं शोधत गंधमादनावर चढतो, तिथे केळीच्या बनात म्हातारा हनुमान आडवा पडलेला असतो. शेपटीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण त्याआधी तो काय सांगतो ते कुणी लक्षात ठेवत नाही: इथून पुढे माणसाची वाट नाही. ते बन हिमालयात. नाथांच्या गोष्टींत मच्छिंद्रनाथ ज्या स्त्रीराज्यात अडकतात त्यालाही कदलीवन म्हणतात, आणि त्याचा संबंध मंगळूरच्या कद्रीशी लावतात. दत्त संप्रदायाचं श्रीशैल्याला. रानजाई, तुमच्या वाटाड्याचं चूक नाही. ‘आगे’ला मोठी परंपरा आहे.

पानफूल

अवांतर, पण राहवत नाही. हल्ली कर्दळीवनाच्या पोस्टांवर लाल-पिवळ्या कर्दळीच्या फुलांचे फोटो टाकतात. बागेतली कर्दळ मूळची अमेरिका खंडातली. नृसिंह सरस्वतींच्या काळात ती इथे असणं शक्य नाही. ही कर्दळी म्हणजे कदली, केळ. कृपया फोटो बदला.

चहाटळ

@पानफूल, तुम्ही स्वर्गाच्या दारातही कल्पवृक्षाचं कूळ विचाराल.

पानफूल

विचारणारच. कुणी म्हणतं पारिजातक, कुणी नारळ, कुणी गोरखचिंच. एकदाचं ठरवा.

धौलाधार

दोन वर्षं धरमशालेत भिक्खूंना इंग्रजी शिकवत होते, तेव्हा माझ्या वर्गात शंभलावर भांडणं व्हायची. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पुराणातलं खेडं तिबेटी बौद्धांकडे येईपर्यंत राज्य झालेलं असतं. कालचक्र तंत्र या बौद्ध ग्रंथात शंभल आठ पाकळ्यांच्या कमळासारखं आहे, भोवती बर्फाच्या डोंगरांचं कडं, मधोमध कलाप ही राजधानी. सीता नदीच्या उत्तरेला. गावं किती? शहाण्णव कोटी. (वर्गातल्या एका पोराने हिशोब केला होता की एकेका गावात दहा माणसं धरली तरी पृथ्वीवर मावत नाहीत. गेशेंनी, म्हणजे त्यांच्या आचार्यांनी, त्याला बाहेर काढलं नाही, हसले.) तिथला राजा सुचंद्र बुद्धाकडे येऊन कालचक्राचा उपदेश घेतो आणि घरी घेऊन जातो. मग सात धर्मराजे, त्यानंतर पंचवीस कल्की. पहिला मंजुश्री यशस्, शेवटचा रौद्र चक्री. तो बाहेर येऊन अधर्माशी युद्ध करणार. एका प्रचलित गणितानुसार इसवी सन २४२४.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. यशस् राजा आपल्या राज्यातल्या साडेतीन कोटी ब्राह्मण ऋषींना सांगतो, जातीपाती सोडा, सगळे एका वज्रकुळात या. ऋषींचा पुढारी सूर्यरथ म्हणतो, जमणार नाही, आम्ही आर्यदेशात, म्हणजे भारतात, चाललो. निघतातही. राजा त्यांना वाटेत भूल घालून परत आणतो आणि मग ते तयार होतात. म्हणजे त्या परिपूर्ण राज्यातसुद्धा जातीवरून सभात्याग झाला होता!

आता खास रानजाईसाठी. सुचंद्राने उपदेश घेतला ती जागा धान्यकटक. म्हणजे आंध्रातली अमरावती. कृष्णेच्या काठी, श्रीशैलमच्या खालच्या अंगाला. जानेवारी २००६ मध्ये दलाई लामांनी कालचक्र दीक्षा तिथेच दिली. ज्या नदीत तुमची होडी होती तीच.

चहाटळ

म्हणजे शंभल काय, कर्दळीवन काय, सगळं महाबळेश्वरहूनच खाली येतं. स्ट्रॉबेरीसारखं.

रानजाई

धौलाधार, हे खरंच माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कृष्णामाई आहे ती, तिच्या काठाला काय कमी." तिला नरसोबाची वाडी, औदुंबर आणि अमरावती यांत काही फरकच वाटला नाही.

तर्कट

धौलाधार यांचा प्रतिसाद उत्तम, पण एक बाजू राहिली. बुद्धाच्या तोंडी घातलेलं हे तंत्र प्रत्यक्षात अकराव्या शतकाच्या सुमाराचं आहे. तिबेटी साठ वर्षांचं चक्रसुद्धा १०२७ पासून मोजतात, ते याच ग्रंथाच्या आगमनाला धरून. आणि रौद्र चक्री ज्या ‘म्लेंच्छां’शी लढणार आहे त्यांच्या गुरूंची यादीच त्यात दिलेली आहे: आदम, नोहा, इब्राहिम, मूसा, ईसा, श्वेतवस्त्रधारी (हा बहुधा मानी, इराणातला एक धर्मसंस्थापक), मुहंमद आणि महदी. बुद्धाला हे ठाऊक असण्याची शक्यता आपण सोडून देऊ. वायव्येकडून गझनीच्या स्वाऱ्या होतायत, विहार पडतायत, अशा काळातल्या माणसांनी लिहिलेलं हे स्वप्न आहे. आपण हरतोय, पण डोंगरापलीकडे आपला एक राजा शिल्लक आहे. लपलेलं नगर हे पराभवाचं अपत्य असतं, एवढंच माझं म्हणणं.

हिमशिखर

आलेच. प्रत्येक श्रद्धेला पराभव म्हटलं की विद्वत्ता सिद्ध होते.

व्यवस्थापक

गाडी कुठल्या वळणावर जाते ते आम्हाला दिसतंय. धर्मयुद्धं २४२४ पर्यंत स्थगित ठेवावीत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मिरजेची तार

व्यवस्थापक, घाबरू नका, मी भांडायला आलेलो न्हाई. उलट गंमत सांगतो.

ज्या म्लेंच्छांविरुद्ध तो राजा येणार, त्यांच्याकडंबी एकजण लपूनच बसलाय. शिया मंडळींचा बारावा इमाम ८७४ साली दृष्टीआड झाला. आधी चार वकील एकामागून एक त्याचा निरोप आणायचे, ९४१ ला शेवटचा वारला आणि तेही बंद झालं. तो जिवंत हाय, वेळ आली की येणार. तो राहतो कुठं यावर बऱ्याच कथा हायेत, जाबलका आणि जाबलसा ही पूर्व-पश्चिम टोकांची पाचूची नगरं त्यातलीच. सगळ्या जगाला वेढून काफ पर्वत, आणि ती त्याच्या पल्याड. घ्या तुमचा दोन डोंगर पलीकडचा हिशोब.

सुह्रावर्दी म्हणून इराणी तत्त्वज्ञ होता, ११९१ मध्ये मारला त्याला. त्यानं असल्या जागेला फारसीत शब्दच घडवला: ना-कुजा-आबाद. म्हणजे ‘कुठंच-नाही-वाडी’. त्याचं म्हणणं, ही जागा खोटी न्हाई, फक्त ‘कुठं’ हा प्रश्न तिला लागू पडत न्हाई. तर्कटसाहेब आणि हिमशिखरसाहेब दोघांनाबी हे पटायला हरकत नसावी.

आमची आज्जी शिकलेली नव्हती. ती सांगायची, दुनिया चाळीस अबदालांवर, म्हणजे छुप्या संतांवर, तोललीय. एक गेला की दुसरा त्याच्या जागी येतो. कोण ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दारावरच्या फकिराला रिकाम्या हातानं पाठवायचं न्हाई, काय सांगावं. हुबेहूब ही गोष्ट ज्यू लोकांत हाय, आकडा छत्तीस. त्यांच्यात एक लूझ नावाचं गावबी हाय. मृत्यूचा फरिश्ता तिथं शिरूच शकत न्हाई. मग म्हातारी माणसं जगून जगून कंटाळली की आपणहून वेशीबाहेर जाऊन बसतात. ते वाचल्यापासून मला असल्या गावाची हौस राहिली न्हाई.

टाळकरी

मिरजेची तार, लूझची गोष्ट वाचून थांबलोच. फार सुंदर.

माड आणि मांडवी

गोंयच्या वतीने हजेरी. युरोपात शंभल हे नाव पहिल्यांदा पोचलं ते जेझुइट पाद्रींच्या पत्रांतून. काबराल आणि कासेल्ला हे दोन पोर्तुगीज १६२७ मध्ये भूतानात पोचले. तिथे त्यांनी उत्तरेकडच्या एका थोर राज्याचं नाव ऐकलं, ‘शेंबाला’. त्यांना वाटलं, हाच तो आपण शोधतोय तो कथाय, म्हणजे चीन. कासेल्ला शिगात्सेपर्यंत गेला आणि १६३० मध्ये तिथेच वारला.

त्यांच्या आधी अंतोनियो द आंद्राद. १६२४ मध्ये आग्र्याहून निघाला, बद्रीनाथच्या यात्रेकरूंत हिंदू वेश करून मिसळला आणि माणा खिंड ओलांडून पश्चिम तिबेटातल्या छापरांगला पोचला. कशासाठी? तर बर्फापलीकडे हरवलेले ख्रिस्ती लोक राहतात अशी युरोपात समजूत होती म्हणून. त्याआधी चारशे-साडेचारशे वर्षं तिकडे प्रेस्टर जॉन नावाच्या ख्रिस्ती राजाचं पत्र फिरत होतं, पूर्वेला कुठेतरी त्याचं अफाट राज्य, तो मदतीला येणार. आंद्रादला ख्रिस्ती सापडले नाहीत, बौद्ध सापडले. तो परत येऊन गोव्यातच १६३४ मध्ये वारला, विष घातलं म्हणतात.

म्हणजे बघा. एक माणूस आपलं लपलेलं राज्य शोधत डोंगर चढतो, आणि पलीकडची माणसं त्याला सांगतात, आमचंही एक आहे, अजून उत्तरेला.

तर्कट

शेवटचं वाक्य आधी सुचलं असतं तर मी एवढा लांब प्रतिसाद टंकला नसता.

जुना बाजार

रद्दीतून पुस्तकं गोळा करण्याचं व्यसन असल्याने ‘अगार्था’बद्दल माझ्याकडून. कारण कुणीतरी येऊन म्हणणारच की शंभल आणि अगार्था ही दोन भूमिगत नगरं आहेत वगैरे. अगार्था हे नाव संस्कृत वाटतं, पण आपल्या कुठल्याही पुराणात ते नाही. चंद्रनगरला फ्रेंच न्यायाधीश असलेल्या लुई जाकोलियोने १८७३ मध्ये ‘अस्गार्था’ असं काहीतरी छापलं. मग सां-इव्ह दाल्वेद्र या सद्गृहस्थाने १८८६ मध्ये हिमालयाखाली लाखो लोकांचं राज्य वसवलं आणि स्वतःच घाबरून छापलेल्या प्रती नष्ट केल्या. एक वाचली. तिथून पुढे सगळा पसारा.

आपल्या मुंबईचाही यात हात आहे. थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड केलं. हिमालयातल्या गुप्त महात्म्यांची पत्रं यायला लागली ती त्या काळात. टपालखात्याशिवाय. १८८५ च्या चौकशी अहवालात त्या पत्रांची जी वाट लागली ती असो.

रशियन चित्रकार निकोलाय रोरिखही डिसेंबर १९२३ मध्ये मुंबईतच उतरला. १९२५ ते २८ लडाख, शिंज्यांग, अल्ताय, मंगोलिया, तिबेट असा फिरला, शंभलाची चित्रं काढत आणि गोष्टी गोळा करत. मग कुलूजवळ नग्गरला राहिला, १९४७ मध्ये तिथेच गेला. त्याचं घर आता बघता येतं. निळे डोंगर काय रंगवलेत! राज्य सापडलं नाही तरी चालेल असं वाटतं.

याच सुमाराला मॉस्कोत गुप्त पोलिसांतला ग्लेब बोकी आणि बार्चेन्को नावाचा गूढविद्यावाला शंभलावर मोहीम काढायच्या खटपटीत होते, साम्यवादाला तिथल्या ज्ञानाचा उपयोग होईल म्हणून. १९३७ आणि ३८ मध्ये दोघांनाही त्यांच्याच सरकारने गोळ्या घातल्या. त्याआधी झारच्या दरबारात वावरणारा दोर्झिएव लामा तिबेटमध्ये सांगत होता की उत्तरेचं शंभल म्हणजे आपला रशियाच. ज्याला जे राज्य हवं ते त्याने त्यात बसवलं.

चहाटळ

आणि २००१ मध्ये चीनने युन्नानमधल्या झोंगद्येन तालुक्याचं नाव अधिकृतपणे शांग्रिला करून टाकलं, इंग्रजी कादंबरीतल्या गुप्त खोऱ्याचं. हे बेस्ट. सापडत नाही ना? बोर्ड लावा. विमानतळ बांधा. तिकीट लावा.

व्होल्गाकाठ

रशियाचा विषय निघालाच आहे तर. मी निझनी नोव्हगोरोदला एमबीबीएस केलं. होस्टेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या आजींनी मला एकदा उन्हाळ्यात स्वेतलोयार तळ्यावर नेलं होतं. छोटंसं, वाटोळं, जंगलातलं तळं. कथा अशी की बातू खानाची मंगोल फौज कितेझ नगराजवळ आली तेव्हा तिथे तटबंदी नव्हती, लोक फक्त प्रार्थना करत होते. फौजेच्या डोळ्यांदेखत नगर पाण्याखाली गेलं. घुमट, घंटा, माणसं, सगळं. आत सगळे जिवंत आहेत. ज्याचं मन स्वच्छ त्याला घंटा ऐकू येते.

कथेतला राजा गेओर्गी हा खरा माणूस, १२३८ मध्ये मंगोलांशी लढताना मेला. पण कथा कागदावर आली ती अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि लिहिणारे कोण, तर जुने श्रद्धाळू. चर्चच्या सुधारणा न मानल्यामुळे ज्यांचा पिढ्यान् पिढ्या छळ झाला ते. तर्कट यांचा मुद्दा इथे लागू होतो, पण शत्रू मंगोल नव्हता, घरचाच होता. याच लोकांत बेलोवोद्ये, म्हणजे ‘पांढरं पाणी’ नावाच्या देशाची कथा होती, जिथे खरा धर्म शिल्लक आहे. त्यापायी घरं विकून लोक अल्तायकडे निघायचे. १८९८ मध्ये तर तीन उरल कोसॅक वर्गणी काढून जहाजाने श्रीलंका, सिंगापूर, जपानपर्यंत शोधून आले. नाही मिळालं.

तळ्याला तीन प्रदक्षिणा घालायच्या असतात. काही जणी गुडघ्यांवर घालत होत्या. आजींनी पाण्याला कान लावला. मी विचारलं, काही ऐकू आलं का? म्हणाल्या, "डास." मग बराच वेळ उठल्या नाहीत.

रानजाई

व्होल्गाकाठ ❤️

हिमशिखर

सगळे इतिहास सांगतायत, अनुभवाचं कोणी बोलत नाही. ज्ञानगंजचं नाव हल्ली व्हिडिओवाल्यांनी स्वस्त केलं, पण ते लोकांसमोर आणलं महामहोपाध्याय गोपीनाथ कविराजांनी. काशीच्या संस्कृत कॉलेजचे प्राचार्य, ऐरेगैरे नव्हेत. त्यांचे गुरू विशुद्धानंद परमहंस (१८५३ ते १९३७) हे तिबेटातल्या ज्ञानगंज आश्रमात शिकून आले असं सांगत. भिंगातून सूर्यकिरण पाडून हवा तो सुगंध निर्माण करत, लोक त्यांना गंधबाबा म्हणत. कविराजांसारख्या माणसाने हे पाहून लिहून ठेवलं आहे. तुम्ही उपग्रहातून बघा आणि नाही म्हणा.

तर्कट

कविराजांच्या विद्वत्तेबद्दल शंकाच नाही. पण विद्वान माणूस चांगला साक्षीदार असतोच असं नाही. आणि उपग्रहाला कैलासाच्या बाजूची ढोरवाटसुद्धा दिसते हो.

हिमशिखर

ढोरवाट दिसते. त्या वाटेने जाणाऱ्याला काय दिसतं ते दिसत नाही.

धौलाधार

मध्ये पडते. १७७५ मध्ये पणछेन लामांनी (दलाई लामांच्या खालोखाल मान असलेले) शंभलाला जायच्या वाटेचं पुस्तक लिहिलं. सुरुवातीला भूगोल, भारतातली ठिकाणं, नद्या. पुढे वाट बदलते: इथे इतका जप करा, इथे अमुक देवतेला प्रसन्न करा, तरच पुढची खिंड. नक्की कुठल्या पानावर नकाशा संपून साधना सुरू होते ते बोटाने दाखवता येत नाही. माझ्या वर्गात अर्धे म्हणायचे हे खरं प्रवासवर्णन, अर्धे म्हणायचे शरीरातल्या नाड्यांचं वर्णन. गेशे म्हणायचे, दोघेही निघालेले नाहीत, म्हणून भांडतायत.

भटकभवानी

जे निघाले त्यांच्याबद्दल लिहू का? रानजाईच्या ड्रायव्हरने सांगितलेली गोष्ट तिथे फार जुनी आहे. तिबेटात बौद्ध धर्म नेणाऱ्या पद्मसंभवाने हिमालयात ‘बेयूल’ म्हणजे गुप्त खोरी राखून ठेवली, संकटकाळी दारं उघडतील, त्यांच्या वाटा लिहून लपवल्या, पुढे ‘तेर्तोन’ म्हणजे ठेवा शोधणारे लामा त्या काढतात. सिक्कीम स्वतःच एक बेयूल, देमोजोंग. अरुणाचलच्या वरचं पेमाको दुसरं.

तिबेट चीनच्या हातात गेल्यावर तुलशुक लिंगपा नावाच्या तेर्तोनने सांगितलं की कांचनजंगाच्या उतारावरचं दार उघडायची वेळ आली. १९६२ च्या सुमाराला काहीशे लोक त्याच्यामागे निघाले. लाहौलहून आलेल्यांनी शेतं, जनावरं देऊन टाकली होती. परत यायचंच नाही तर ठेवायचं कशाला? वर खिंडीजवळ हिमस्खलन झालं. लामा त्यात गेला. बाकीचे खाली उतरले.

हे वाचल्यावर मला ‘सगळं आतच असतं’ हे वाक्य सहज उच्चारवत नाही. त्यांनी शेतं खरी दिली होती.

तर्कट

+१. आणि माझा ‘पराभवाचं अपत्य’ हा शब्द जरा उथळ होता. मागे घेत नाही, पण उथळ होता.

टाळकरी

धागा दोन दिवस वाचतोय. मला एक कळत नाही. आमचं केंद्र अठ्ठावीस युगं विटेवर उघड्यावर उभं आहे. लपलेलं नाही, बर्फ नाही, मंत्राची किल्ली नाही. आषाढीला जादा गाड्या सुटतात. आणि नामदेवराय सांगून गेलेत की चराचर नव्हतं तेव्हाही पंढरपूर होतं. म्हणजे पुरातनही आहे. मग शोधायचं काय?

चहाटळ

काका, आषाढीला दर्शनबारीत उभं राहून बघा. वीस-वीस तास. असली तो आगे ही है.

टाळकरी

😄 हरलो. तरी कळस लांबून दिसतो बरं का, बारीत शिरायची गरज नाही.

सोलापुरी चादर

मला आश्चर्य वाटतंय की एवढ्या प्रतिसादांत अक्का महादेवीचं नाव नाही. रानजाई, तुम्ही ज्या गुहेत राहिलात तिला कुठली गुहा म्हणतात सांगा बघू? आमच्या घरी वडिलांकडून गुरुचरित्र आणि आईकडून लिंगायत संतांची वचनं, त्यामुळे कर्दळीवनावरून लहानपणी खूप ऐकलंय. बाराव्या शतकातली अक्का, घरदार सोडून केसांखेरीज दुसरं वस्त्र न घेता निघालेली, कल्याणच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या प्रश्नांना उत्तरं देऊन श्रीशैल्याला गेली आणि कदलीत लीन झाली. नृसिंह सरस्वतींच्या सुमारे तीनशे वर्षं आधी. त्याच वनात.

आणि तिचं एक वचन आहे, आई म्हणायची. अर्थ असा की कदली म्हणजे ही काया, कदली म्हणजे मन, कदली म्हणजे विषय, कदली म्हणजे भवाचं घोर अरण्य. ते जिंकून मी पलीकडे आले. म्हणजे जिच्या नावाची गुहा आहे तिनेच सांगून ठेवलंय की वन कुठे आहे. भटकभवानी यांचा आक्षेप मान्य, पण अक्का हे घरी बसून म्हणाली नव्हती. चालत गेली होती.

केळ का, तर सोपट काढत जा, आत गाभा म्हणून काही सापडतच नाही. पानफूल, बरोबर ना?

पानफूल

बरोबर. दिसतं ते खोड नव्हेच, पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळलेले असतात. खरं खोड जमिनीत. लपलेलं. (आता मलाही काहीतरी व्हायला लागलं.)

रेंजबाहेर

उशिरा आलो. कामानिमित्त नल्लमलात काही वर्षं काढली आहेत. एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ते जंगल चेंचू लोकांचं घर आहे. मध गोळा करणं, कंद खणणं, शिकार, यावर जगत आलेले. श्रीशैलमच्या मल्लिकार्जुनाला ते चेंचू मल्लय्या म्हणतात, आपला जावई मानतात. अहोबिलमच्या नरसिंहानेही त्यांच्यातल्याच चेंचूलक्ष्मीशी लग्न केलं अशी कथा. आपल्या पोथीत जे गुप्त वन आहे, तिथे त्यांची पोरं बोरं तोडतात. आता व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून त्यांनाच आत राहायला अडचणी आणि यात्रेकरूंना परवाने. पेमाकोमध्येही तेच, लामांच्या नकाशात ते गुप्त खोरं, पण तिथे आधीपासून माणसं राहत होतीच.

गुप्त आहे ते कुणापासून, हा प्रश्न विचारून बघा. रानजाई, तुमचा वाटाड्या चेंचू होता का?

रानजाई

रेंजबाहेर, हो, चेंचू होता. आणि तुमच्या प्रतिसादामुळे एक गडबड झाली आहे.

मी तो आईला वाचून दाखवला आणि म्हटलं, बघ, त्याला सगळं ठाऊक होतं, म्हणून तो ‘असली तो आगे है’ म्हणाला. आई म्हणाली, "कधी म्हणाला?" म्हटलं, झऱ्यापाशी. तर ती हसायलाच लागली. म्हणे, "अगं, तू विचारलंस तेव्हा मी शेजारीच होते. तू बाटली हातात धरून ‘यही है क्या’ विचारलंस. त्याला वाटलं पाण्याचं विचारतेस. तिथलं गढूळ होतं. चांगला झरा वर होता."

ड्रायव्हरचं मात्र खरं आहे. शपथ.

तर्कट

एवढा धागा. गझनी, सुह्रावर्दी, सोव्हिएत गुप्त पोलीस. बिसलेरीवर.

मिरजेची तार

हसून हसून डोळ्यांतनं पाणी. गढूळ न्हाई, असली.

हिमशिखर

गैरसमजातून का होईना, विचारला गेला ना प्रश्न.

सोलापुरी चादर

बाकी राहू द्या. पुढचं पाणी कसं होतं?

रानजाई

गोड. आईने एक बाटली घरी आणली आहे, देवघरात ठेवलीय. कुणाला उघडू देत नाही.

पवनाकाठचा_पक्या

धागा अजून वाचला नाही, सवडीने वाचतो. होडीचं माणशी किती घेतात?